रॅपमधला अस्सलपणा: वंश, जात आणि व्यासपीठावरचा आवाज

प्रश्न: गोदाकाठी

नाशिकमधील एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते. वार्षिक स्नेहसंमेलनातील रॅप स्पर्धेच्या परीक्षणाची जबाबदारी काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. यंदाच्या पहिल्या पारितोषिकावरून विद्यार्थ्यांमध्ये जो वाद सुरू झाला तो अद्याप मिटलेला नाही, आणि तो घाईने मिटवण्यापेक्षा आधी नीट समजून घ्यावा असे वाटल्याने येथे लिहीत आहे.

पारितोषिक मिळालेला विद्यार्थी गंगापूर रोडवरच्या सुखवस्तू घरातला आहे. त्याची लय पक्की आहे, यमके ओढूनताणून आणलेली नाहीत आणि लांबलचक ओळीतही त्याचा दम कोठे सुटत नाही. त्याने वस्तीतल्या जगण्यावर रॅप सादर केला. सार्वजनिक नळावरची भांडणे, रात्री दार ठोठावणारे पोलीस, गटारात उतरणारा बाप, हे सगळे त्याने 'मी' होऊन सांगितले. सादरीकरणात तो 'पानी', 'कोन', 'व्हतं' असे म्हणत होता. पारितोषिक स्वीकारून आभार मानताना मात्र त्याचा प्रत्येक 'ण' जागच्या जागी होता. कार्यक्रमानंतर सातपूरहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "मॅडम, वर्गात आम्ही असे बोललो तर तुम्ही दुरुस्त करता. त्याने स्टेजवर तसेच बोलून दाखवले तर त्याला ट्रॉफी कशी?"

कृष्णवर्णीयांच्या संगीतावर गोऱ्या कलाकारांचा हक्क किती, हा वाद अमेरिकेतील हिप हॉपमध्ये जवळपास सुरुवातीपासून चालू आहे, एवढे मला ठाऊक आहे. त्या वादातून आमच्यासारख्या परीक्षकांना काही निकष मिळू शकतो का? आणि तेथील वंशाचा प्रश्न आपल्याकडील जातीच्या प्रश्नाशेजारी ठेवणे कितपत योग्य आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: जुना श्रोता

गोदाकाठी ताई, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न या साऱ्या वादाच्या मुळाशी जातो, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

हिप हॉपचा जन्मदिवस म्हणून ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख मानली जाते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घेण्यापुरते पैसे जमवण्यासाठी नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, याने एकाच तबकडीच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या आणि गाण्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा या तबकडीवरून त्या तबकडीवर फिरवत लांबवला, कारण नाचणारी मुले त्याच तुकड्याची वाट पाहत असतात हे त्याने हेरले होते. हे कुटुंब जमैकाच्या किंग्स्टनहून आलेले होते. नाचणाऱ्यांत आणि पुढे तबकड्या वाजवणाऱ्यांत पोर्तो रिकोच्या वंशाची मुलेही होती. ज्या वस्तीत हे घडले ती क्रॉस ब्राँक्स महामार्गासाठी घरे पाडून आधीच चिरलेली होती आणि त्या दशकात तेथील इमारती एकामागून एक जळत होत्या. म्हणजे हे संगीत कृष्णवर्णीयांचे आहे हे निःसंशय, परंतु ते पहिल्या दिवसापासून स्थलांतरितांचे आणि शेजाऱ्यांचेही आहे. त्यामुळे 'शुद्ध' उगम शोधू गेल्यास हाती काही लागत नाही.

मग अस्सलपणाचा वाद कशावरून होतो? माझ्या मते तो त्वचेच्या रंगावरून सुरू होतो, पण रंगापाशी थांबत नाही. व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरचे गाणे १९९० मध्ये अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत, म्हणजे बिलबोर्डच्या यादीत, पहिल्या क्रमांकावर पोहोचले. रॅपमध्ये हे आधी कोणाला जमले नव्हते. त्याची बदनामी झाली ती गोरेपणापेक्षाही त्याच्या बालपणाविषयी पसरवलेल्या कथा वृत्तपत्रांनी खोट्या पाडल्या म्हणून. उलट एमिनेमही गोराच, परंतु डेट्रॉइटच्या ज्या गरिबीविषयी तो बोलला ती त्याने भोगलेली होती. कृष्णवर्णीय स्पर्धकांसमोर उभा राहून तो शब्दांच्या लढती हरला आणि जिंकला, डॉ. ड्रे यांच्यासारख्या नामवंत कृष्णवर्णीय संगीत-निर्मात्याने त्याला हात दिला, आणि गोरा असल्यामुळेच आपल्या तबकड्या अधिक खपतात हे त्याने स्वतःच्या गाण्यात उघडपणे मान्य केले. ऑस्ट्रेलियात वाढलेली इगी अझेलिया २०१४ मध्ये यशाच्या शिखरावर असताना तिच्यावर झालेला मुख्य आक्षेप नेमका आपल्या विद्यार्थिनीचाच होता: मुलाखतीत तिचे उच्चार ऑस्ट्रेलियन असत आणि रॅप करताना ते अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय स्त्रीचे होत. ज्या बोलीमुळे कृष्णवर्णीय मुलांना शाळेत आणि नोकरीत कमी लेखले जाते, तीच बोली दुसऱ्याने उसनी घेतली की तिची किंमत वाढते. दुखणे येथे आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२४ मध्ये केंड्रिक लामार या कृष्णवर्णीय रॅपरने ड्रेक या दुसऱ्या रॅपरला एका गाण्यातून 'वसाहतवादी' ठरवले, तेव्हा आरोप झालेला कलाकार गोरा नव्हता. ड्रेकचे वडील मेम्फिसचे कृष्णवर्णीय, आई कॅनडातील ज्यू, आणि तो स्वतः टोरांटोत वाढलेला. केंड्रिकने अटलांटा शहराचा गुलामगिरीपासूनचा इतिहास मांडून असे सुचवले, की ड्रेक गरज पडेल तेव्हा त्या शहरातील कलाकारांकडे जातो, त्यांचा बाज घेतो आणि निघून जातो. तो आरोप न्याय्य होता की नव्हता, यावर रसिक आजही भांडतात. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे, की रंग जुळूनही माणूस पाहुणा ठरू शकतो. त्याच गाण्याला २०२५ च्या ग्रॅमीत पाच पारितोषिके मिळाली, यावरून या प्रश्नाची धग किती आहे ते कळते.

उत्तर: तुणतुणे

वरील विवेचनात मी आपल्या मातीतले थोडे जोडतो. माझे गाव सिन्नर तालुक्यात आहे आणि घरात जलशाची परंपरा होती.

वंश आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य करूनही त्यांच्यातील नाते आपल्याकडील माणसांनीच फार पूर्वी ओळखले होते. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची आणि भारतातील अस्पृश्यांची स्थिती किती सारखी आहे हे नमूद केले होते, आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी पाठवलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेचे नाव घेऊनच. तेव्हा नाशिकच्या मुलांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर ते परक्याचे अनुकरण नव्हे. काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, त्याच शहरात आपण हे बोलत आहोत.

आता कलेकडे येतो. पठ्ठे बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. कुलकर्ण्याच्या घरात जन्मलेला हा माणूस तमाशात उतरला, ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्या कलावंतांमध्ये राहिला, त्यापायी आपल्या समाजातील स्थान गमावून बसला आणि १९४५ मध्ये हलाखीत वारला. त्यांच्यावर कोणी 'उसना' असा शिक्का मारला नाही, याचे एक कारण त्यांची अलौकिक प्रतिभा आणि दुसरे कारण त्यांनी मोजलेली किंमत. परंतु येथे थांबून चालणार नाही. ज्या पवळा हिवरगावकरीण यांच्या आवाजाने आणि अदाकारीने त्या लावण्या उभ्या महाराष्ट्रात गाजल्या, त्या संगमनेरजवळच्या हिवरगावच्या महार स्त्रीचे नाव आज किती जणांना आठवते? शाहिराची पुण्यतिथी होते. पवळाबाईंविषयी मात्र अभ्यासकांनाच बोलावे लागते. वरच्या जातीतून खाली उतरलेल्या माणसाचा त्याग लोकांना दिसतो, आणि जे आधीपासून तेथेच होते त्यांच्या कलेला कोणी त्याग म्हणत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्या शाहिरीत शेवटच्या कडव्यात नाममुद्रा गुंफतात. देशवंडीचे वामनदादा कर्डक, म्हणजे आमच्याच तालुक्यातले, यांच्या कितीतरी गीतांत शेवटी 'वामन' येतो. गाणे गावोगावी कोणीही गायले तरी ते कोणाचे, हे त्या एका शब्दाने पक्के होते. रॅपमध्येही कलाकार स्वतःचे नाव ओळीत घोळवतो. १९७९ मध्ये ज्या गाण्याने रॅप पहिल्यांदा घरोघरी पोहोचला त्यातील बिग बँक हँक हा ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या ओळी म्हणत होता, आणि त्यात कॅझच्या जुन्या टोपणनावाची अक्षरे एकेक करून उच्चारलेली तशीच राहिली. दुसऱ्याची नाममुद्रा स्वतःच्या तोंडून लाखो तबकड्यांवर गेली. मूळ कवीला ना श्रेय मिळाले ना पैसा. दोघेही कृष्णवर्णीय होते. मी परीक्षक असतो तर त्या मुलाला त्याची जात विचारली नसती. गटारात उतरणाऱ्या ज्या बापाविषयी तू बोललास तो कोण, त्याच्याशी तू कधी बोललास का, आणि त्याच्या घरच्यांना तू ही रचना ऐकवलीस का, एवढे मात्र जरूर विचारले असते.

उत्तर: मुक्तछंद

वरील दोन्ही उत्तरे आदराने वाचली, तरी मला धोका वेगळा दिसतो. जो भोगतो त्यानेच बोलावे, असा नियम केला तर कादंबरीकाराला स्त्रीपात्र रंगवता येणार नाही आणि नटाला राजा होता येणार नाही. परकायाप्रवेश हा कलेचा प्राण आहे. शिवाय व्यासपीठावर चढण्याआधी प्रत्येकाने आपली सामाजिक ओळख दाखवावी, अशी अपेक्षा ठेवली तर जी जात मोडायची आहे तीच आपण नोंदवहीत पक्की करून ठेवू. त्या मुलाला दुसऱ्याच्या दुःखाविषयी लिहावेसे वाटले, हे मला शुभचिन्ह वाटते. महागड्या गाड्या आणि घड्याळे यांच्यावर लिहिणारे रॅपर कमी आहेत का?

उत्तर: नाशिकरोड ४२२१०१

मॅडम, मी स्वतः मराठीत रॅप लिहितो आणि अशा स्पर्धांत उतरलो आहे, म्हणून दुसऱ्या टोकाचे सांगतो.

मुक्तछंद यांचा मुद्दा मला निम्मा पटतो. लिहायला कोणालाच बंदी नसावी. परंतु आमच्यासारख्यांना परकायाप्रवेशाची मुभा कोण देते? वस्तीतला मुलगा माइकवर आला की श्रोत्यांना त्याच्याकडून वस्तीच ऐकायची असते. एका कार्यक्रमात मी माझ्या आजोळच्या द्राक्षबागेवर आणि छाटणीच्या दिवसांतल्या एका प्रेमावर लिहिलेली रचना म्हणून दाखवली, तर आयोजकांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितले, की तुझ्याकडून काहीतरी 'रॉ' अपेक्षित होते, बाबासाहेबांवर एखादे असेल तर सांग. बाबासाहेबांवर माझ्या रचना आहेत आणि त्या मी अभिमानाने म्हणतो. पण कधी म्हणायच्या, ते मी ठरवीन. गंगापूर रोडच्या मुलाला गरिबीही मिळते आणि प्रेमही मिळते; मला मात्र गरिबीच वाट्याला येते, आणि तीही तो माझ्यापेक्षा चांगल्या माइकवर, पैसे देऊन घेतलेल्या बीटवर, म्हणजे रॅपमागच्या तालसंगीतावर, म्हणतो. 'गली बॉय' २०१९ मध्ये आला तेव्हा आम्हाला खूप आनंद झाला होता. त्यानंतर मात्र गल्ली हा एक नेपथ्याचा प्रकार झाला: पत्रे, ग्राफिटी, बंद पडलेली रिक्षा.

उच्चारांचे म्हणाल तर मी 'पानी' म्हणतो कारण माझी आई तसे म्हणते. मुलाखतीला गेलो की 'पाणी' म्हणतो, कारण तेथे नोकरी हवी असते. म्हणजे मीही दोन्ही भाषा बोलतो. फरक असा, की मला दुसरी शिकावी लागली, नाहीतर दार बंद होते, आणि त्याने पहिली उचलली ती टाळ्यांसाठी. त्याला मी शत्रू मानत नाही. त्याची लय खरोखर चांगली असेल तर मी त्याच्याबरोबर रचना करीन, मात्र ओळी कोणी लिहिल्या ते पोस्टरवर यावे.

तामिळ रॅपर अरिवू यांचे उदाहरण येथे फार जवळचे आहे. आजीच्या पिढीने श्रीलंकेच्या चहामळ्यांत केलेल्या कष्टांच्या आठवणींतून त्यांनी २०२१ मध्ये एक गीत लिहिले आणि गायिका धी यांच्याबरोबर गायले. ते जगभर गाजले. त्याच वर्षी एका मोठ्या संगीत मासिकाच्या भारतीय आवृत्तीने त्या यशाचा उल्लेख करत मुखपृष्ठ छापले, तेव्हा त्यावर धी होत्या, दुसरे एक रॅपर होते, अरिवू नव्हते. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतल्यावर अरिवूंचे वेगळे मुखपृष्ठ निघाले. गाणे ज्याच्या आजीचे, तोच चित्रातून गायब. आमचे भांडण एवढ्यापुरतेच आहे, मॅडम, आणि ते फार मोठे आहे.

प्रतिप्रश्न: गोदाकाठी

सर्वांचे मनापासून आभार. नाशिकरोड यांचे उत्तर मी त्या विद्यार्थिनीला वाचून दाखवणार आहे. एक शंका उरते. आमच्याकडील बरीच मुले अमेरिकन रॅपमध्ये कृष्णवर्णीय कलाकार एकमेकांना उद्देशून वापरतात तो शब्द सर्रास उच्चारतात, केसांच्या बारीक वेण्या घालतात, आणि याला 'हिप हॉप कल्चर' म्हणतात. याकडे कसे पाहावे?

उत्तर: जुना श्रोता

वेण्यांबाबत मी फार कडक नाही, शब्दाबाबत आहे. गुलामगिरीच्या काळापासून मालकाने शिवी म्हणून वापरलेला तो शब्द ज्यांच्या पूर्वजांना ऐकावा लागला, त्यांनी तो आपसांत फिरवून घेतला. तो हक्क त्यांचा आहे, आपला नाही. आपल्याकडे जातिवाचक शब्दांनी होणाऱ्या अपमानाविरुद्ध १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला, हे मुलांना सांगितले तर त्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

माझी खरी तक्रार मात्र पुढची आहे. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारहाण केली. पुण्यासारख्या शहरात शिकायला येणाऱ्या आफ्रिकी मुलांना भाड्याने खोली मिळवताना जो त्रास होतो तो तर रोजचाच आहे. कृष्णवर्णीयांचा ताल हवा, टोपी हवी, शिवीसुद्धा हवी, आणि कृष्णवर्णीय शेजारी मात्र नको, ही आपल्या समाजाची वृत्ती मला रॅपमधल्या कोणत्याही खोटेपणापेक्षा अधिक लाजिरवाणी वाटते. रॅपवर प्रेम करणाऱ्या तरुणांनी तरी याविरुद्ध बोलायला हवे.

आपल्याकडे रॅपचा शिरकाव कसा झाला तेही पाहा. १९९२ मध्ये बाबा सेहगल यांचे जे गाणे देशभर वाजले, ते व्हॅनिला आइसच्या त्याच गाण्यावर बेतलेले होते, आणि व्हॅनिला आइसने त्यातील बेसची लकेर क्वीन आणि डेव्हिड बोवी या इंग्लंडच्या कलाकारांच्या १९८१ च्या गाण्यातून घेतली होती. म्हणजे हिंदी रॅपचे पहिले मोठे यश ब्राँक्सला वळसा घालून आले. मुंबईच्या गल्ल्यांतील मुलांनी पुढे २०१० नंतर आपल्या भाषेत, आपल्या विषयांवर लिहायला घेतले तेव्हा कुठे मूळ प्रवाहाशी नाते जुळले. स्वदेशी या मुंबईच्या गटाने २०१९ मध्ये आरे जंगल आणि वारली समाज या विषयांवर रचना केली तेव्हा आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना गाण्यातच सामील करून घेतले. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांची नक्कल करण्याऐवजी त्यांच्याच हाती माइक दिला. मुक्तछंद यांना परकायाप्रवेश हवा आहे, तो याही वाटेने करता येतो.

गोदाकाठी

पारितोषिक परत घेण्याचा विचार नाही. नियम आधी सांगितलेले नव्हते आणि त्या मुलाने कोणताही नियम मोडलेला नाही. पुढील वर्षीच्या प्रवेशपत्रात मात्र शब्द कोणाचे, बीट कोणाची आणि रचना कोणाच्या सांगण्यावरून उभी राहिली, असे तीन रकाने घालण्याचे विद्यार्थी मंडळाशी बोलून ठरवले आहे. ती नावे सादरीकरणापूर्वी व्यासपीठावरून वाचली जातील. विषयाचे बंधन कोणावरही राहणार नाही. परीक्षकांमध्ये जलशाची जाण असलेली एक व्यक्ती असावी असे मला वाटते. तुणतुणे, आपण याल का?

तुणतुणे

येईन. पण माझ्या शेजारी नाशिकरोडलाही बसवा, मला बीटमधले काही कळत नाही.

नाशिकरोड ४२२१०१

काका, मी परीक्षक म्हणून नाही, स्पर्धक म्हणून येणार. बाहेरच्यांना प्रवेश असेल तर द्राक्षबागेचीच रचना म्हणेन.